मॉडेम उत्तर देत नाही? आधी या चुका टाळा

"काका, मॉडेम खराब निघाला." इंदूरच्या जेल रोडवरून कालच आणलेलं सिम८००, म्हणजे सिमकार्ड घालून एसएमएस पाठवणारं छोटं मॉडेम, माझ्या टेबलावर ठेवत दर महिन्याला कोणीतरी पोरगं हे सांगतं. मी एकच विचारतो, पुटी (संगणकावरून कमांड टाइप करून पाठवायचा प्रोग्राम) उघडून त्याच्याशी हाताने बोललास का? बोललेलं नसतं. थेट कुठला तरी कोड चिकटवलेला असतो आणि दर दोन ओळींमागे डिले, म्हणजे ठरावीक वेळ नुसतं थांबणं.

या डिलेवर माझा राग जुना आहे. सांवेर रोडकडच्या एका आलूच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तापमान वाढलं की मालकांना एसएमएस जाईल असं यंत्र लावलं होतं. कोड माझाच. संदेश पाठव, दोन सेकंद थांब, मॉडेमचं ओके दिसलं नाही तर पुन्हा पाठव. दुकानात चोख चाललं. तिथे पत्र्याच्या पफ (आत फोम भरलेल्या) पॅनेलमागे रेंज जेमतेम, संदेश जायलाच आठ-दहा सेकंद लागायचे. ओके येत होतं, पण तोवर मी ऐकणं सोडून दिलेलं असे. रात्री दोन वाजता एकच संदेश सतरा वेळा गेला. वैतागून मालकांनी त्याच नंबरवर फोन लावला. मॉडेमने 'रिंग' अशी ओळ टाकली, प्रोग्रामला ती ओके वाटली नाही, म्हणून अठरावा गेला. "दादा, आलू सडले तरी चालतील, आधी हे बंद करा!"

तेव्हापासून मी घड्याळ बघत नाही, उत्तर बघतो. येईल ते अक्षर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठवायचं, ओळ पुरी झाली की तपासायची, ओके किंवा एरर आल्याशिवाय पुढची कमांड नाही. एसएमएसला ६० सेकंदांपर्यंत लागू शकतात, हे मॅन्युअलमध्येच छापलंय. पण मॅन्युअल उघडतंय कोण! 'रिंग'सारख्या, आपण काही न विचारता मॉडेम स्वतःहून टाकतो त्या ओळी वेगळ्या काढा. आणि एका रीडमध्ये अख्खं उत्तर मिळेल या भरवशावर राहू नका, 'ओ' आत्ता येतो, 'के' पुढच्या फेरीत.

कमांड कॅरेज रिटर्नने, म्हणजे अक्षरकोड १३ ने संपते. नुसता १० (नवी ओळ) पाठवून वाट बघू नका. संदेशाचा मजकूर मात्र कंट्रोल-झेडने, २६ ने.

वायरी जोडताना टीएक्स (पाठवणारी पिन) समोरच्या आरएक्सला (घेणारी पिन), आरएक्स टीएक्सला. ग्राउंड दोन्हीकडचं एक.

लिनक्सवर मॉडेममॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर आपल्या आधीच पोर्ट उघडून एटी (मॉडेम जागा आहे का हे विचारणारी कमांड) पाठवत बसतं. मी ते काढूनच टाकतो.

सिम८००एलला (सिम८००चाच एक प्रकार) ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि ट्रान्समिट करताना ते २ अँपिअरपर्यंत करंट झटक्यात ओढतं. यूएसबीच्या पॉवरवर ते एटीला गोड ओके देतं, नेटवर्क शोधायला निघालं की रीस्टार्ट. पोरं मात्र बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) बदलत बसतात. मी मॉड्यूलच्या पॉवरच्या पायांजवळच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतो, मगच कोडला हात.

तरीही नेटवर्क नाही? सिम काढून बघा. हे मॉड्यूल टूजीचं, जिओकडे टूजी नाही, म्हणून त्यांचं कार्ड त्यात चालत नाही. मागच्या आठवड्यात एकाने दोन दिवस कोड तपासला, मी ट्रे उघडला.