फास्टिंग नॉर्मल, तरी लघवीला फेस: शुगरवाल्यांनो, या चुका टाळा

सोलापुरात लॅबमध्ये रक्त काढता काढता माझे केस पिकले, पण शुगरवाल्यांची एक खोड काही जात नाही. तपासणीआधी चार दिवस कडक भाकरी, पालेभाजी, बिनसाखरेचा चहा. मग सकाळी ऐटीत हात पुढे! फास्टिंग, म्हणजे उपाशीपोटीची साखर, १०८ आली की घरी जाताना पेढे.

पूर्व भागातले एक यंत्रमागवाले काका असेच यायचे. फास्टिंगचे सगळे रिपोर्ट पिशवीत घडी घालून. एकदा सहज म्हणाले, लघवीला फेस येतोय. डॉक्टरांकडे पिटाळलं. एचबीए१सी (सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) निघालं ९.८, म्हणजे बरंच जास्त, आणि लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन ग्रॅम क्रिएटिनिनमागे (लघवीतला एक टाकाऊ पदार्थ) २४० मिलिग्रॅम. हवं ३० च्या आत. काका माझ्यावरच उखडले, “मशीन बिघडलंय तुमचं!”

मशीन ठीक होतं. चार दिवसांच्या पथ्याला फास्टिंग भुलते, एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब मांडतं. रक्तवाहिनीला आतून जेमतेम एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं, म्हणून वाहिनी सैल राहते आणि गुठळी सहसा धरत नाही. (हा वायू रक्तवाहिन्यांत निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल आहे.) साखर महिनोन्‌महिने चढी राहिली की हे काम मंदावतं, अस्तर झिरपू लागतं. मूत्रपिंडाच्या चाळणीतून प्रथिन गळतं (काकांचा फेस त्याचाच), डोळ्याच्या पडद्यावर बारीक रक्तस्राव होतात. आणि दुखत काहीच नाही, हीच पंचाईत.

मलाही शुगर आहे. तपासणीच्या आठवड्यात मी मुद्दाम रोजच्यासारखंच जेवतो, शेंगाचटणीसकट. लघवीची तपासणी दरवर्षी वाढदिवसाच्या महिन्यात. ताप असताना किंवा जोरदार व्यायाम करून नमुना देऊ नका, आकडा उगाच वाढतो. एकदा जास्त आला तरी डॉक्टर पुन्हा करायला सांगतात, तेव्हा कंटाळू नका.

बाकीच्या चुका: साखर मोजायची, बीपी मात्र नाही. बिडी सोडायची नाही आणि ‘रक्तवाहिन्या साफ करणारा’ काढा प्यायचा. मोबाईलवर आलेल्या या काढ्यांचा मला मनापासून वीट आलाय. ‘दिसतंय की’ म्हणून डोळ्यांची तपासणी टाळायची. नवे पेशंट तर दुसऱ्याच महिन्यात विचारतात, गोळी कधी सुटणार?

आणि मे महिन्यात भर दुपारी सिद्धेश्वराला अनवाणी प्रदक्षिणा. शुगरने बधिर झालेल्या तळव्याला फोड आलेला संध्याकाळपर्यंत कळत नाही. पहाटे जा, घरी आल्यावर तळवे आरशात बघा.