देवानं इस्राएललाच का निवडलं? या प्रश्नावर अभ्यासवर्ग कसा घ्यावा

सोलापुरात बायबलचा वर्ग घेणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. देव साऱ्या जगाचा, तर त्यानं आपली ओळख एका लहानशा जुन्या लोकसमूहाला का दिली? मग बाकीच्यांचं काय? पुष्कळदा यावर 'देवाची इच्छा' एवढं म्हणून पुढचं पान उलटलं जातं. विचारणारा गप्प बसतो, पण त्याचं समाधान झालेलं नसतं. या प्रश्नाला चार बैठका द्याव्यात. एका बैठकीत उरकायला गेलात तर गोंधळच वाढतो.

वर्गात आठ ते बारा माणसं असावीत आणि बैठक सव्वा तासाची. पहिली पंधरा मिनिटं उतारा मोठ्यानं वाचायचा, तोही दोनदा. यंत्रमागावर पाळीनं जाणारे किंवा घरी विड्या वळणाऱ्या बायका वर्गात असतील, तर वेळ त्यांना विचारूनच ठरवा. संक्रांतीच्या आठवड्यात गड्ड्याच्या जत्रेची गर्दी असते आणि आषाढीला पंढरपूरच्या गाड्या भरून वाहतात, तेव्हा ते दिवस सोडा. तेलुगू किंवा कन्नड बायबल वाचणाऱ्यांना आपापलं पुस्तक आणायला सांगा आणि मुख्य वचनं त्या भाषेतही वाचून घ्या. पाच मिनिटं जास्त जातील, ती जाऊ द्या.

सगळ्यात महत्त्वाचा आहे उताऱ्यांचा क्रम. बहुतेक जण उत्पत्तीच्या १२व्या अध्यायापासून, म्हणजे अब्राहामापासून सुरुवात करतात. ऐकणाऱ्याच्या मनात मग 'देवाची लाडकी जात' हे चित्र पक्कं बसतं आणि पुढे ते पुसता पुसत नाही. म्हणून सुरुवात बायबलच्या अनुवाद या पुस्तकातल्या ७:६-८ ने (७वा अध्याय, ६ ते ८ वचनं) करा. तुम्ही संख्येनं जास्त होता म्हणून देवानं तुम्हांला निवडलं नाही, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होता, असं तिथे स्वच्छ सांगितलं आहे. लगेच ९:४-६ वाचा. या तीन वचनांत तीनदा बजावलं आहे की हा देश तुम्हांला तुमच्या धार्मिकतेमुळे मिळत नाही, आणि शेवटी त्यांना ताठ मानेचे लोक म्हटलं आहे. ही तीन ठिकाणं ज्याची त्याला पेन्सिलीनं अधोरेखित करू द्या. आपल्याच पूर्वजांविषयी असं लिहून ठेवणारा ग्रंथ स्वतःची टिमकी वाजवत नाही, हे वर्गाच्या आपोआप लक्षात येतं.

थोडे होते म्हणजे किती, हे बाहेरच्या पुराव्यानंही दाखवता येतं. इस्राएलचा बायबलबाहेरचा सर्वांत जुना सर्वमान्य उल्लेख मिसरचा राजा मर्नेप्ताह याच्या शिलालेखात आहे. हा शिलालेख इ.स.पू. सुमारे १२०८ चा असून फ्लिंडर्स पेट्री यांना तो १८९६ मध्ये सापडला. त्यात इस्राएलच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे: इस्राएल उद्ध्वस्त झाला, त्याचं बीजही उरलं नाही. मोठ्या राजाच्या लेखी ही गोष्ट एवढीच होती.

आता जातीचा मुद्दा. आपल्याकडे 'निवडलेली प्रजा' हे शब्द ऐकले की माणसाच्या मनात जन्मानं श्रेष्ठ-कनिष्ठ हेच येतं. ज्यांच्या घराण्यानं पिढ्यान्पिढ्या वेशीबाहेरचं जगणं सोसलं, त्यांना हे शब्द बोचणारच, आणि ते बोचणं रास्त आहे. ही शंका कोणी काढेल म्हणून वाट बघू नका, पहिल्याच बैठकीत स्वतः मांडा. मग तीन ठिकाणं उघडा. निर्गम १२:३८ : मिसरातून निघालेल्यांत इतर लोकांचा मोठा मिश्र समुदाय होता. यहेज्केल १६:३ : संदेष्टा यरुशलेमेला तोंडावर सांगतो की तुझा बाप अमोरी आणि आई हित्ती, म्हणजे दोघंही परक्या लोकांतली. तिसरं ठिकाण रूथचं पुस्तक. रूथ मवाबी होती, म्हणजे शेजारच्या परक्या राष्ट्रातली. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत मंडळीत घेऊ नये, असं अनुवाद २३:३ सांगतं, आणि हीच रूथ दावीद राजाची पणजी ठरते. रक्ताची शुद्धता हा निवडीचा पाया असता, तर ही वंशावळ कोणी जपूनच ठेवली नसती.

दुसऱ्या बैठकीत 'एकालाच का' हा मूळ प्रश्न घ्या. तो नवा नाही. दुसऱ्या शतकात केल्सस या ग्रीक विचारवंतानं हाच आक्षेप घेतला होता: देवाला जग सुधारायचं होतं तर त्यानं आपला आत्मा एका कोपऱ्यातच का पाठवावा? तिसऱ्या शतकात ओरिगेननं त्याला सविस्तर उत्तर दिलं. वर्गात आधी केल्ससची बाजू नीट मांडा, कमजोर करून मांडू नका.

उत्तराचा गाभा असा. एखादं तत्त्व साऱ्या जगाला एकदम सांगता येतं. वचन मात्र कोणाला तरीच द्यावं लागतं, आणि ते पाळलं की नाही हे बघायला पिढ्या लागतात. अब्राहामाला दिलेलं वचन उत्पत्ती १२:३ मध्ये 'तुझ्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे' इथवर पोहोचतं, आणि त्याच्या आधीच्या ११व्या अध्यायात सगळी राष्ट्रं पांगलेली आहेत. निर्गम १९:६ मध्ये या लोकांना याजकांचं राज्य म्हटलं आहे. याजक स्वतःपुरता नसतो, तो दुसऱ्यांसाठी उभा असतो. शेवटी यशया ४९:६ वाचा.

इथे पंढरपूर आपल्यापासून सत्तरेक किलोमीटरवर आहे, याचा उपयोग होतो. वर्गात वारकरी घरातलं कोणी असेल तर विचारा: देव सगळीकडे आहे, तर विटेवर का उभा राहिला? उत्तर त्यांना त्यांच्या शब्दांत देऊ द्या, मध्ये तोडू नका आणि आपला मुद्दा जिंकायला ते वापरू नका. देव एका जागी, एका माणसासाठी येतो ही कल्पना मराठी मनाला परकी नाही, एवढं त्यातून दिसतं. मग फरकही सांगा. पुंडलिकाच्या कथेत देव आईबापांची सेवा पाहून येतो. अनुवादात लोकांच्या पदरी असं काहीच पुण्य नाही. चर्चा इथेच खरी रंगते, म्हणून तिला अर्धा तास ठेवा.

तिसरी बैठक आमोसची. इ.स.पू. ७५० च्या सुमाराचा हा संदेष्टा ३:२ मध्ये देवाच्या वतीनं म्हणतो की मी फक्त तुम्हांलाच ओळखलं, *म्हणूनच* तुमच्या सर्व पापांचं शासन तुम्हांला करीन. ९:७ मध्ये तो आणखी पुढे जातो: पलिष्ट्यांना कफतोराहून आणि अराम्यांना कीराहून आणणाराही तोच देव आहे. इथे मेशाच्या शिलालेखाची माहिती द्या. मवाबचा राजा मेशा याचा हा इ.स.पू. नवव्या शतकातला शिलालेख १८६८ मध्ये सापडला आणि आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मवाबचा देव कमोश आपल्या भूमीवर रागावला म्हणून मवाब दबला गेला, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे आपला देव आपल्यावर रागावतो, ही भाषा शेजाऱ्यांचीही होती. आपल्या वैऱ्यांचा इतिहासही आपल्याच देवानं घडवला, हे आमोसचं बोलणं मात्र वेगळं आहे. घाई असेल तर बाकीचं गाळा, आमोस गाळू नका.

चौथ्या बैठकीत रोमकरांस पत्राचे ९ ते ११ अध्याय येतात. इथली नेहमीची चूक म्हणजे 'यहुद्यांना देवानं टाकलं, आता आपण' असं शिकवणं. ११:१८ आणि ११:२९ वाचल्यावर तसं म्हणायला जागा उरत नाही. कोकणातले बेने इस्राएल हे यहुदी लोक मराठीच बोलतात. त्यांच्यापैकी कोणी समोर बसलं आहे असं समजून बोला. यहुदी परंपरेची उत्तरंही सांगा. एका जुन्या कथेनुसार देवानं नियमशास्त्र इतर राष्ट्रांनाही देऊ केलं होतं, त्यांनी ते नाकारलं. बाराव्या शतकात यहूदा हलेवीनं इस्राएल लोकांतच एक खास आध्यात्मिक शक्ती मानली. त्याच परंपरेतला विचारवंत मायमोनिडीस त्या वाटेनं गेला नाही. मुसलमान शेजारी कुराणातल्या दोन जागा काढतील: २:४७ मध्ये इस्राएलच्या वंशजांना दिलेलं श्रेष्ठत्व आणि १६:३६ मध्ये प्रत्येक समाजाकडे पाठवलेला प्रेषित. त्या वाचू द्या, प्रश्न तिथेही जिवंत आहे.

'मग आमचे पूर्वज?' हा प्रश्न जवळजवळ हमखास येतो. शालेमचा राजा मलकीसदेक, मिद्यानी याजक इथ्रो, ऊस देशाचा ईयोब हे तिघेही इस्राएलबाहेरचे, तरी देवाला ओळखणारे. प्रेषितांची कृत्ये १४:१७ म्हणतं की देवानं कुठेच स्वतःला साक्षीवाचून राहू दिलं नाही. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. ते याच मुद्द्याला धरून सांगा.

एका जागी मात्र उत्तर संपतं. अब्राहामच का, त्याचा भाऊ नाहोर का नाही? अनुवाद ७:८ एवढंच सांगतं की देवानं प्रेम केलं आणि पूर्वजांना दिलेली शपथ पाळली. त्याच्या मागे कारण दिलेलं नाही. तिथे स्वतःचं कारण घुसवू नका. अब्राहाम फार सद्गुणी होता म्हणून, असं म्हणालात की पहिल्या बैठकीवर सगळं पाणी फिरतं.

आजच्या इस्राएल देशाचं राजकारण पहिल्या दिवसापासूनच डोकं वर काढेल. ते प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून वेगळे ठेवा आणि चौथ्या बैठकीनंतर, हवं असेल त्यांच्यासाठी, स्वतंत्र बैठक घ्या. १९४८ मध्ये झालेलं राष्ट्र आणि अनुवादातली प्रजा यांचं नातं काय, यावर यहुद्यांमध्ये आणि ख्रिस्ती लोकांमध्येही एकमत नाही. त्या बैठकीची सुरुवात यशया १९:२४-२५ ने करा. ज्या अश्शूर साम्राज्याच्या हातून इ.स.पू. ७२२ च्या सुमारास उत्तर इस्राएलची राजधानी शोमरोन पडली, त्यालाच तिथे 'माझ्या हातची कृती' आणि मिसरला 'माझी प्रजा' म्हटलं आहे.