थंडीतली वीण: चीक सहा तासांच्या आत पोटात गेलाच पाहिजे

थंडी वाढली की डुकराच्या तीन-चार दिवसांच्या पिल्लांच्या पांढऱ्या-पिवळ्या हगवणीचे फोन सुरू होतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला: मादी व्यायली तेव्हा जवळ कोण होतं? उत्तरही बहुतेक ठरलेलंच, "रात्री व्यायली, सकाळी पाहिलं." पिल्लं हातची गेली ती त्या रात्रीच. हगवण नंतर दिसली एवढंच.

डुकराच्या मादीची वार अशी असते की गाभणपणात आईच्या अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, पिल्लापर्यंत पोचतच नाहीत. जन्मतः त्याच्या रक्तात संरक्षण जवळपास शून्य. जे मिळायचं ते चिकातून, आणि पिल्लाचं आतडं त्या अँटिबॉडी रक्तात जाऊ देतं ते जेमतेम २४ ते ३६ तास. हे दार तासागणिक मिटत जातं आणि चीकही दिवसभरात पातळ पडतो. म्हणून मी सहा तासांवर अडून बसतो. पहिल्या दिवसात दर पिल्लाला २०० ते २५० ग्रॅम चीक हवा.

विण्याच्या रात्री जवळ बसा. पिल्लू कोरडं पुसा, सडाला लावा, प्यालेल्याच्या पाठीवर खूण करा. दहापेक्षा जास्त पिल्लं असतील तर खूण झालेली दांडगी पिल्लं तास-दीड तास उबेत टोपलीत ठेवा आणि किरकोळ पिल्लांना कास मोकळी द्या. पोटावरून बोट फिरवा: प्यालेल्याचं पोट गच्च लागतं, उपाशी पिल्लाच्या कुशी आत गेलेल्या आणि कातडी सुरकुतलेली असते. कळप सोडून एकटं पडलेलं पिल्लू उपाशीच असतं, हा माझा अंदाज सहसा चुकत नाही. चोखायला जोर नसेल तर आईचाच चीक पिळून १५-२० मिली हळूहळू पाजा.

चिकात आईच्या जिवंत लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही असतात. त्या पेशी पिल्लाच्या आतड्यातून आत शिरतात, पण सख्ख्या आईच्या असतील तरच. दुसऱ्या मादीखाली पिल्लू लावायचं असेल तर आधी किमान १२ तास स्वतःच्या आईजवळ राहू द्या.

पुढच्या दुधाचंही तसंच आहे. शेडमधले जंतू गाभण मादीच्या पोटात जातात, तेव्हा आतड्याच्या भिंतीतले लिम्फोसाइटचे पुंजके, म्हणजे पेयर पॅच, त्यांना ओळखतात. तिथे तयार झालेल्या पेशी रक्तातून फिरत विण्याच्या सुमारास कासेत येऊन बसतात आणि दुधात आयजीए, म्हणजे आतड्याला राखणारी अँटिबॉडी, सोडतात. दूध चालू असेपर्यंत हा थर पिल्लाच्या आतड्याला राखतो. विण्याच्या तोंडावर विकत आणलेल्या मादीच्या दुधाला तुमच्या शेडमधले जंतू ठाऊकच नसतात. नवी मादी निदान सहा आठवडे आधी आणा. हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे.

बाकी नेहमीची कामं:
– पिल्लांच्या कोपऱ्यात ३२ ते ३४ अंश, मादीकडे १८ ते २२
– नाळेला आयोडीन
– तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम लोहाचं इंजेक्शन, मानेत
– विण्याआधी मादीला ई. कोलाय या हगवण लावणाऱ्या जंतूची लस, लेबलप्रमाणे
– जमीन कोरडी, वाऱ्याचा झोत बंद

दूध तोडण्याची घाई थंडीत नको. ज्या दिवशी तोडाल त्याच दिवशी आयजीए थांबतं, आणि पिल्लाच्या स्वतःच्या आतड्यातली लिम्फोसाइटची फौज सातव्या आठवड्याच्या सुमारास कुठे भरते. २८ दिवसांआधी तोडू नका. तोडल्यावर २६ ते २८ अंश ऊब ठेवा आणि खाद्य एकदम बदलू नका. नेमक्या याच आठवड्यात विक्रेता प्रतिकारशक्तीची महागडी बाटली पुढे करतो. एका शेडमध्ये अशा रिकाम्या बाटल्यांची रांग पाहिली मी. शेजारच्याच खणात ओल्या फरशीवर पिल्लं एकमेकांवर चढून कुडकुडत होती. त्या पैशात बल्ब आणि कोरडं पाचट येतं. झिंक ऑक्साइडचे मोठे डोसही विक्रेत्याच्या शब्दावर देऊ नका. युरोपीय संघाने २०२२ पासून हगवणीवरचा तो औषधी वापर बंद केला आहे.

हगवण लागलीच तर क्षार-साखरेचं पाणी लगेच सुरू करा. डोळे खोल गेले, पापण्या सुजल्या किंवा चाल अडखळली तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा, आणि अँटिबायोटिक सुरू करण्याआधी विष्ठेचा नमुना काढून ठेवा.