गावच्या इतिहासाला बक्षीस ठेवताना

वाचनालयाने किंवा तरुण मंडळाने हौशी इतिहासलेखनासाठी पुरस्कार ठेवायचा, तर आधी विषय लहान करा. ‘आमच्या गावाचा इतिहास’ असा विषय दिला की ऐकीव गोष्टींची जाडजूड वही हाती येते. त्यापेक्षा एकच गोष्ट मागा: एक वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराची स्मारकशिळा), एक बारव (पायऱ्यांची विहीर), एखाद्या इनामाचा कागद. पानं जास्तीत जास्त २०.

घोषणा दिवाळीनंतर करा. तेव्हा गवत वाळू लागतं, शिळा दिसतात. मुदत एप्रिलअखेर, म्हणजे बारवेचं पाणी उतरलेलं असताना परीक्षकांना मेमध्ये जागेवर जाता येतं. निकाल १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत.

परीक्षक तीन: एक मोडी वाचणारा, एक तालुक्याबाहेरचा शिक्षक, एक शिवार ओळखणारा. स्पर्धकाच्या भाऊबंदांपैकी कोणीही नको. घराण्यांच्या वादात पुरस्कार तिथेच बुडतो.

शंभरापैकी ४० गुण पुराव्याला द्या. प्रत्येक विधानापुढे ते कुठून घेतलं हे हवंच: तलाठ्याकडचा फेरफार, शाळेचं जनरल रजिस्टर, पुणे पुराभिलेखागारातला कागद, किंवा सांगणाऱ्याचं वय आणि मुलाखतीची तारीख. नव्या माहितीला ३०, जपणुकीला २०, मांडणीला १०. मांडणीचे गुण वाढवले की रंगीत छपाई परवडणाराच जिंकतो, आणि हे आम्हाला साफ अमान्य आहे.

सर्वात जास्त चुका सनांत होतात, म्हणून परीक्षकांनी प्रत्येक साल स्वतः मोजावं. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवायचे (जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९), सुहूर सनात, म्हणजे पेशवाईच्या कागदांवर अरबी शब्दांत लिहिलेल्या सालात, ५९९ (जानेवारीपासून मृगापर्यंत ६००). ‘इहिदे सबैन मया व अलफ’ (एक, सत्तर, शंभर आणि हजार) म्हणजे सुहूर ११७१, म्हणजेच इसवी १७७०-७१. हाच आकडा शक समजला तर पेशवाईतला कागद यादवकाळात, १२४९ मध्ये जाऊन बसतो!

जपणुकीचा नियम कडक ठेवा. अक्षरं उठावीत म्हणून शिळेवर खडू, तेल किंवा चुना फासला असेल तर २० पैकी शून्य. दगडाच्या छिद्रांत गेलेलं तेल पुन्हा निघत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात किंवा रात्री बाजूने टॉर्च धरून फोटो काढला की झिजलेली रेघही दिसते. फोटोत मोजपट्टी हवी. वीरगळ उचलून देवळापाशी आणला असेल तर प्रवेशिकाच बाद करा, कारण मूळ जागा हाही पुरावाच असतो.

रोख रक्कम माफक चालेल. पण प्रत्येक प्रवेशिकेची एक प्रत, हरलेल्यांचीही, वाचनालयात दाखल करून तिला नोंदक्रमांक द्या.