शाळेचं साप्ताहिक बुलेटिन कसं वाचावं: न्यू जर्सीत सब, पॅरा किंवा शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत नव्याने रुजू झालेल्या मराठी मैत्रिणींचे फोन मला बहुतेक सप्टेंबरअखेर येतात. कुणी सब असते, म्हणजे रोजंदारीवरची बदली शिक्षिका. कुणी पॅरा, म्हणजे वर्गातल्या विशेष गरजेच्या मुलांना मदत करणारी साहाय्यक. तक्रार एकच: "अगं, मला इथे कुणी काही सांगतच नाही." सांगितलेलं असतं. रविवारी संध्याकाळी आलेल्या प्रिन्सिपलच्या ई-मेलमध्ये, पार खाली, पिक्चर डेच्या (शाळेत मुलांचे फोटो काढायच्या दिवसाच्या) सूचनेनंतर.

मी नाशिकला एका अनुदानित शाळेत शिकवत होते. तिथे सूचनावही होती. शिपाईमामा वर्गाच्या दारात यायचे, बाईंनी सूचना वाचायची, सही करायची, फळ्याकडे वळायचं. आता तिकडेही परिपत्रकं व्हॉट्सॅपवर येतात, पण "वाचलं का?" असं विचारणारं कुणीतरी असतंच. इथे सही घेत नाहीत आणि विचारतही नाहीत. पाठवलं म्हणजे तुम्ही वाचलं, असं धरून चालतात. त्यामुळे ही ई-मेल वाचणं हा नोकरीचाच भाग समजा.

आधी रचना. न्यू जर्सीत काउंट्या, म्हणजे आपले जिल्हे, २१ आणि शाळांचे डिस्ट्रिक्ट सहाशेच्या आसपास. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे, सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था. बऱ्याच ठिकाणी एका गावाचा एक डिस्ट्रिक्ट. त्याचं स्वतःचं बोर्ड, स्वतःचं बजेट, शिक्षक संघटनेशी स्वतःचा करार. एडिसनमधल्या मैत्रिणीचा नियम तुम्हाला प्लेन्सबरोमध्ये लागू होईलच असं नाही. बोर्डाचे सदस्य बहुतेक ठिकाणी गावातल्या मतदारांनी निवडून दिलेले असतात आणि त्यांना पगार नसतो. सुपरिंटेंडंट हा बोर्डाने नेमलेला पगारी प्रमुख. प्रत्येक शाळेचा प्रिन्सिपल त्याच्या हाताखाली.

आपल्यातल्या अनेकजणी एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्या नवऱ्यासोबत आलेल्या. मे २०१५ पासून त्यातल्या काहींना कामाचा परवाना मिळू लागला, तेव्हा शाळेची वेळ मुलांच्या वेळेशी जुळते म्हणून बऱ्याच जणी याच वाटेने आल्या. सबच्या प्रमाणपत्राला साधारणपणे ६० कॉलेज क्रेडिट लागतात. भारतातल्या पदवीचं मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं, आणि बोटांचे ठसे देऊन पार्श्वभूमीची तपासणी होते. पदवी तीन वर्षांची असेल तर सबसाठी सहसा अडत नाही, पण पुढे शिक्षकाच्या पक्क्या प्रमाणपत्राच्या वेळी तोच प्रश्न उभा राहतो. तेव्हा मूल्यमापन पहिल्यांदाच विषयवार करून घ्या. स्वस्तातलं साधं मूल्यमापन नंतर पुन्हा करावं लागतं.

आता बातम्या. सुपरिंटेंडंटचं साप्ताहिक पत्र पालकांना आणि कर्मचाऱ्यांना एकदमच जातं. रोबोटिक्सची टीम जिंकली, बँड अमुक परेडला गेला, किंडरगार्टनच्या मुलांनी भोपळे रंगवले. बऱ्याच जणी फोटो बघून ते बंद करतात. फेब्रुवारीपर्यंत तसं केलंत तरी चालेल. फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हर्नरचं बजेटचं भाषण झालं की राज्य कोणत्या डिस्ट्रिक्टला किती अनुदान देणार याचे आकडे लगेच येतात. २०१८ च्या कायद्याने अनुदानाची फेरवाटणी सुरू झाली आणि काही डिस्ट्रिक्टांना सलग काही वर्षं कपात सोसावी लागली. त्या पत्रात "अवघड निर्णय" असे शब्द आले की समजावं, पॅरांच्या आणि नव्या शिक्षकांच्या जागांवर चर्चा सुरू आहे.

प्रिन्सिपलचं बुलेटिन मात्र दर आठवड्याला ओळ न ओळ वाचायचं. त्यात फॅकल्टी मीटिंग, लंच ड्युटी आणि बस ड्युटीच्या पाळ्या, अर्धा दिवस, कुणाच्या जागी कोण, असं सगळं असतं. वर अर्धं पान कौतुकाचं असतं. ते गोड लागतं, पण डोळा खाली ठेवा. "फ्रेंडली रिमाइंडर" म्हणून जे येतं तो हुकूम असतो, आणि कुणीतरी तो पाळलेला नसतो म्हणूनच तो आलेला असतो. आपल्याकडच्या हेडबाईंनी तेच सगळ्यांसमोर फाडकन सांगितलं असतं. (खरं सांगू? मला ते सोपं वाटायचं.)

ऑक्टोबरच्या बुलेटिनमध्ये "वीक ऑफ रिस्पेक्ट" दिसेल. तो शाळेच्या हौसेचा कार्यक्रम नाही. न्यू जर्सीच्या २०११ च्या छळविरोधी कायद्यातून आलेला आठवडा आहे. याच कायद्याखाली इथे सगळे ज्याला एचआयबी (हॅरॅसमेंट, इंटिमिडेशन, बुलिंग; छळ, धाकदपटशा, दादागिरी) म्हणतात त्याच्या तक्रारीची प्रक्रिया चालते. एखाद्या मुलाला वंश, धर्म, अपंगत्व अशा कारणावरून त्रास दिला जाताना तुम्ही पाहिलंत, तर त्याच दिवशी प्रिन्सिपलला तोंडी सांगायचं आणि शाळेच्या दोन दिवसांत लेखी द्यायचं. "मी तर फक्त पॅरा आहे" हे चालत नाही. फॉर्मची लिंक बुलेटिनमध्ये वर्षातून एकदा-दोनदा येते, ती जपून ठेवा. तसंच ड्रिलचं. दर महिन्याला एक आगीचं आणि एक सुरक्षेचं ड्रिल होतं. दाराला कुलूप लावून, दिवे मालवून, पाच वर्षांच्या मुलांना घेऊन कोपऱ्यात गप्प बसायचं. पहिल्यांदा पोटात गोळा येतो. कोणत्या घोषणेला काय करायचं हे बुलेटिनला जोडलेल्या कागदावर असतं. सब असाल तर सकाळी ऑफिसमध्ये सही करताना तो कागद मागून घ्या, लाजू नका.

ऑनलाइन ट्रेनिंगच्या मुदती असतात. त्या पाळा, एवढंच.

आता मुख्य गोष्टीकडे येते. तिच्याबद्दल मला सुरुवातीला कुणी बोललं नव्हतं, आणि नोकरीत पुढे सरकायला मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. बोर्डाच्या सभेचा अजेंडा. न्यू जर्सीत १९७५ च्या कायद्याप्रमाणे बोर्डाच्या सभा लोकांसाठी खुल्या असतात आणि सभेच्या आधी अजेंडा डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर येतो. साप्ताहिक पत्रात त्याची एका ओळीची लिंक असते. उघडा आणि बाकी सगळं सोडून "पर्सोनेल" हा भाग गाठा. राजीनामे, निवृत्ती, रजा, नेमणुका, बदल्या, मंजूर झालेल्या सबची यादी, नाट्यमंडळाला किंवा बुद्धिबळ क्लबला मार्गदर्शन करणाऱ्याचं मानधन, सगळं नावानिशी छापलेलं. पगारासकट! आपल्या माणसांना हा पहिला धक्का असतो. नेमणूक झाली की तुमचं नाव आणि तुमचा पगार गावाला वाचायला खुला. पगार व्यक्ती बघून ठरत नाही. संघटनेशी झालेल्या करारात एक तक्ता असतो, उभ्यात अनुभवाच्या पायऱ्या, आडव्यात शिक्षण: बीए, बीए अधिक ३० क्रेडिट, एमए, एमए अधिक ३० क्रेडिट. नेमणुकीआधी तुम्ही भाव करू शकता तो एकाच गोष्टीचा: भारतातला अनुभव धरून कितव्या पायरीवर बसवणार. जुन्या शाळेचं अनुभव प्रमाणपत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, तारखांसह आणून ठेवा. बोर्डाची मंजुरी झाल्यावर पायरी बदलून घेणं फार कठीण.

हा अजेंडा उलटा वाचायला शिका. "रजा: जानेवारी ते जून" असं कुणा तिसरीच्या शिक्षिकेच्या नावापुढे दिसलं, म्हणजे बाळंतपणाची किंवा आजारपणाची रजा, आणि तेवढ्या काळासाठी बदली शिक्षक लागणार. याला लीव्ह रिप्लेसमेंट म्हणतात. नव्या माणसासाठी शाळेत शिरायचं हे सगळ्यात रुंद दार. जाहिरात निघेपर्यंत थांबू नका. त्या शाळेत आधी सब म्हणून जात असाल तर प्रिन्सिपलला दोन ओळींची ई-मेल करा. राजीनाम्यांत एखाद्या शाळेतले तीन-चार पॅरा एकदम दिसले, तर तिथे अर्ज करण्याआधी चौकशी करा.

मुलाखतीनंतर "यू आर हायर्ड" असा फोन आला तरी पेढे वाटू नका. सुपरिंटेंडंट शिफारस करतो, पण नेमणूक होते ती बोर्डाच्या सभेत, एकेका सदस्याचं मत नोंदवून. तुमचं नाव असलेल्या अजेंड्याच्या सभेपर्यंत जुनी नोकरी सोडायची नाही. आणखी एक शब्द कानावर पडेल: राइस नोटीस. १९७७ च्या एका न्यू जर्सीतल्या खटल्यावरून हे नाव पडलं. तुमच्या नोकरीबद्दल बोर्ड बंद दारामागे चर्चा करणार असेल तर तुम्हाला आधी कळवावं लागतं, आणि ती चर्चा सगळ्यांसमोर व्हावी असं तुम्ही मागू शकता. नोटीस आली की हात थरथरतात, पण प्रत्येक वेळी ती वाईटच असते असं नाही. काही डिस्ट्रिक्ट कराराच्या साध्या नूतनीकरणाच्या वेळीही ती सरसकट पाठवतात. आली तर स्टाफ रूममध्ये चर्चा करण्याआधी संघटनेच्या प्रतिनिधीला फोन लावा.

शिक्षक म्हणून लागलात तर १५ मे ही तारीख लक्षात ठेवा. टेन्युअर (नोकरीतलं कायमपण) न मिळालेल्या शिक्षकाला पुढच्या वर्षी घेणार की नाही, हे डिस्ट्रिक्टने तोपर्यंत लेखी कळवायचं असतं. घेणार असतील तर तुम्ही १ जूनपर्यंत होकार लेखी द्यायचा. २०१२ च्या कायद्यानंतर नव्या शिक्षकाला टेन्युअर मिळायला चार वर्षं लागतात, म्हणजे हा मे महिना तुमच्या वाट्याला पुन्हा पुन्हा येणार. पॅरांचे करार डिस्ट्रिक्टप्रमाणे वेगळे असतात, ते संघटनेच्या वेबसाइटवर वाचा. पगार दहा महिन्यांचा आहे की बाराही महिन्यांत वाटून मिळतो, हेही त्यातच असतं. जुलैत खातं रिकामं दिसल्यावर ते शोधायला बसू नये.

कॅलेंडरबद्दल थोडं. न्यूयॉर्क शहराच्या शाळांना २०२४ पासून दिवाळीची सुट्टी आहे. न्यू जर्सीत हा निर्णय प्रत्येक बोर्डाचा. आपल्या लोकांची वस्ती असलेल्या अनेक डिस्ट्रिक्टांत ती मिळते, आणि मिळाली ती लोक सभेला जाऊन तीन-तीन मिनिटं बोलले म्हणून. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर कोणत्या सभेत ठरणार हेही अजेंड्यातच असतं. गणपतीला मात्र सुट्टी धरून चालू नका. २०२६ मध्ये चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शाळा नुकतीच सुरू झालेली, बॅक टु स्कूल नाइटची (पालक शिक्षकांना भेटायला येतात त्या संध्याकाळची) गडबड. पर्सनल डे, म्हणजे खासगी कामासाठीची रजा, हवी असेल तर अर्ज पहिल्याच आठवड्यात टाका. बर्फाच्या सुट्ट्या कॅलेंडरात आधीच राखून ठेवलेल्या असतात. त्या संपल्या की १८० दिवस भरून काढायला एप्रिलची सुट्टी कापतात किंवा जून लांबवतात. भारताचं तिकीट काढताना शाळेच्या शेवटच्या दिवसानंतर चार दिवस मोकळे सोडावेत ते याचसाठी.

एक गोष्ट मी नव्या मुलींना जरा कडक आवाजात सांगते. स्टाफचं बुलेटिन मराठी आयांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर जाता कामा नये. तुमचं मूल त्याच गावातल्या शाळेत असतं, शेजारणी विचारतातच: यंदा चौथीला कोण बाई आहेत, त्या अमक्याच्या मुलाला वेगळं का बसवतात? मुलांच्या नोंदींची गोपनीयता १९७४ पासून संघराज्याच्या कायद्यात आहे आणि पॅराला तर मुलांबद्दल शिक्षकापेक्षाही जास्त दिसत असतं. बोर्डाने मंजूर करून छापलेली नेमणूक सार्वजनिक आहे, ती खुशाल सांगा. बाकीच्यासाठी "ऑफिसला विचार ना" हे उत्तर पुरतं. एक-दोनदा तोंडं वाकडी होतात, मग सवय होते. उलट बाजूनेही सांभाळा: डिस्ट्रिक्टच्या ई-मेलवरून तुम्ही जे लिहिता ते सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली कुणी मागू शकतं. चेष्टामस्करी फोनवर करा, आणि रिप्लाय ऑलपासून लांब राहा.

जूनच्या शेवटी बुलेटिन बंद होतं. बोर्डाच्या सभा मात्र उन्हाळ्यातही होतात, आणि ऑगस्टचा अजेंडा वर्षातला सगळ्यात लांबलचक असतो. ऑगस्टमध्ये दुसरीकडे जास्त पगाराची जागा मिळालेला शिक्षक राजीनामा देतो, पण करारातल्या नोटिशीची मुदत बहुधा ६० दिवसांची असते. जुना डिस्ट्रिक्ट त्याला ऑक्टोबरपर्यंत धरून ठेवू शकतो. म्हणून नव्या नेमणुकीपुढे "१५ ऑक्टोबर किंवा त्याआधी" अशा तारखा दिसतात. त्या वर्गात सप्टेंबरपासूनचे सहा-सात आठवडे कुणीतरी उभं राहायला हवं असतं. ऑगस्टच्या सभेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी अशा ओळी शोधा, शाळेचं नाव बघा, आणि नऊच्या आधी प्रिन्सिपलच्या सेक्रेटरीला फोन करा. त्या फोनवर "माझं सबचं प्रमाणपत्र तयार आहे, मी पहिल्या दिवसापासून येऊ शकते" एवढं सांगितलंत तरी पुष्कळ आहे.