सेफ्टी पिनची मोटर कशी करावी, आणि तार नक्की कुठून घासावी

28 फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की इथे इंदूरला आमच्या रामबागेत दर दुसऱ्या घरात एकच चर्चा, प्रोजेक्ट काय करायचा. आणि दर वर्षी कोणीतरी सांगतंच की ज्वालामुखी करा, सोपा आहे. नका करू. व्हिनेगरमध्ये खायचा सोडा टाकला की कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो एवढंच, खऱ्या ज्वालामुखीत ही रिॲक्शन होतच नाही, म्हणजे मूल प्रदर्शनात उभं राहून चुकीचीच गोष्ट समजावून सांगतं. थर्मोकोलच्या सूर्यमालेबद्दलही माझं हेच मत, त्यात रंगकाम आहे, प्रयोग नाही.

सहावी ते आठवीच्या मुलाला एका सेलवर गरगर फिरणारी मोटर करू द्या. भाचे, शेजारची मुलं, त्यांचे मित्र असं करत करत मी ही मोटर इतक्यांदा करवून घेतलीय की आता कॉइल (तारेचं वेटोळं) नुसती बघून सांगते फिरेल की नाही. दोन संध्याकाळी पुरतात.

सामान

मोठा सेल (टॉर्चमध्ये घालतात तो जाडा, 1.5 व्होल्टचा), दोन सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबचा कापलेला रुंद रबर, एक चुंबक, पॉलिश पेपर आणि वाइंडिंगची तांब्याची तार.

तारेबद्दल मात्र ऐका. महाराणी रोडला वायर मिळते, पण दोन मीटरसाठी तिथवर जायची गरज नाही, घराजवळ पंखे आणि पंप दुरुस्त करणारा जो वाइंडिंगवाला असेल त्याला सांगा, भिया, 22 नंबरची तार द्या दोन मीटर, नवीन रिळातली. जळलेल्या मोटरमधून काढलेली तार फुकट देतील पण घेऊ नका, तिचं वार्निश, म्हणजे तारेवरचा करंट न जाऊ देणारा थर, आधीच करपलेलं असतं आणि या प्रयोगात सगळा खेळ वार्निशचा आहे. 24 नंबरही चालेल. 30 नंबरची बारीक तार नको, कॉइलच्या वजनानेच वाकते. पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात रेगमाल म्हणून मागा, बारीक दाण्याचा. पिना रंगीत नकोत, रंगातून करंट जात नाही.

गुंडाळणं

सेलवरच तारेचे दहा वेढे घ्या, दोन्ही टोकं पाच-सहा सेंटीमीटर मोकळी ठेवून, कॉइल काढून टोकांचे दोन-दोन आटे वेढ्यांवर समोरासमोर मारा आणि टोकं दोन बाजूंना सरळ दांडीसारखी काढा. दोन्ही दांड्या एका रेषेत हव्यात, डोळ्यासमोर धरून बघा.

घासणं

आता खरं काम. इथेच नव्वद टक्के मुलांची मोटर अडते आणि मग घरचे म्हणतात सेल खराब असेल.

माझी भाची सातवीत होती तेव्हा आम्ही दोघी पहिल्यांदा ही मोटर करायला बसलो. कॉइल थरथरायची, अर्धा फेरा घ्यायची आणि दर वेळी त्याच एका जागी येऊन थांबायची. सेल बदलला, चुंबक बदललं, पिना बदलल्या, रात्रीचे अकरा वाजले, पोरीच्या डोळ्यात पाणी, मावशी उद्या मी काय ठेवू टेबलावर म्हणून. जिथे वाचलं होतं तिथे एवढंच लिहिलेलं की एक टोक पूर्ण घासा, दुसरं अर्धं घासा. अर्धं म्हणजे कुठलं अर्धं, हे कोणी लिहिलंच नव्हतं, आणि मोटर फिरणार की नाही हे त्याच्यावरच ठरतं.

एक टोक पूर्ण घासायचं ते सोपं आहे, पॉलिश पेपरच्या घडीत तार पकडा आणि फिरवत फिरवत ओढा, चारी बाजूंनी तांबं चमकलं पाहिजे.

दुसऱ्या टोकाला कॉइल उभी धरायची. ताटाळ्यात ताट उभं असतं तशी उभी, पोळीसारखी आडवी नाही. टेबलाच्या कडेला बसा, कॉइल कडेबाहेर उभी धरा, दांडी टेबलावर टेकवा आणि फक्त वरची बाजू घासा. हात एकाच दिशेने, कॉइलकडून बाहेर. तार बोटात गोल फिरली तर मेहनत वाया, म्हणून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कॉइल दाबून ठेवा. इथे पेपरची घडी करून तार त्यात धरायची नाही, घडीत खालची बाजूपण घासली जाते. पेपर सपाट ठेवूनच घासा. शेवटी दांडीची वरची अर्धी बाजू चकचकीत तांब्याची आणि खालची अर्धी वार्निशची गडद दिसली पाहिजे.

उभीच का ते मुलाला समजलं पाहिजे, कारण परीक्षक हेच विचारतात. तारेतून करंट वाहिला की कॉइलचं चुंबक होतं, एक तोंड उत्तर, एक दक्षिण. आपलं चुंबक कॉइलच्या खाली सेलवर असतं, त्यामुळे कॉइल वळून आडवी होते, म्हणजे तिचं एक तोंड खालच्या चुंबकाकडे येतं, आणि एकदा तशी आली की तिला तिथेच थांबायचं असतं. करंट चालू राहिला तर ती थांबतेच, आमची थांबत होती तशी. म्हणून त्या क्षणी करंट तुटला पाहिजे. मग कॉइल आपल्या वेगातच पुढचा अर्धा फेरा निघून जाते आणि उघडी बाजू पुन्हा पिनेला टेकली की परत धक्का मिळतो. सगळ्यात जास्त जोर कॉइल उभी असताना मिळतो, म्हणून चालू असलेल्या अर्ध्या फेऱ्याच्या बरोबर मध्यावर कॉइल उभी हवी. आडवी ठेवून घासली तर करंट नेमका चुकीच्या अर्ध्यात विभागला जातो, थोडा वेळ पुढे ढकलतो आणि तेवढाच वेळ मागे ओढतो. भाचीची कॉइल आम्ही टेबलावर आडवी ठेवून घासली होती, बस एवढीच चूक होती.

काही व्हिडिओंमध्ये चुंबक खाली नसून कॉइलच्या बाजूला ठेवलेलं असतं, तिथे हिशोब उलटा होतो आणि आडवी ठेवून घासलेलीच बरोबर असते. म्हणून घासायची पद्धत एका व्हिडिओतून आणि चुंबकाची जागा दुसऱ्यातून असं अजिबात करू नका.

ब्लेडने खरवडू नका, तारेला खाचा पडतात आणि मुलांची बोटं कापतात. लायटरने वार्निश जाळायचा सल्लाही सगळीकडे दिसतो, तो मला मुळीच पटत नाही, आग अर्धी बाजू ओळखत नाही आणि वर काजळी बसते ती वेगळी. सगळं घासून मग अर्ध्यावर मार्कर फिरवा म्हणतात तेही प्रदर्शनात टिकत नाही, मार्कर घासला जातो. चुकून जास्त घासलं गेलंच तर नेलपॉलिश लावा, कॉइल उभी धरून दांडीच्या एकाच बाजूला, आणि नीट वाळू द्या.

जमलंय का ते लगेच तपासता येतं. सेल, टॉर्चचा छोटा बल्ब आणि कॉइल एका सर्किटमध्ये जोडा, पिनेवर टेकलेली दांडी हळूहळू फिरवा, अर्धा फेरा बल्ब लागला आणि अर्धा फेरा विझला म्हणजे झालं.

उभं करणं

पिना सेलच्या दोन टोकांना रबराने घट्ट बसवा, भोकं वर, चुंबक सेलच्या पाठीवर, दांड्या भोकांत, आणि बोटाने हलकी टिचकी. नाही फिरली तर उलट दिशेने टिचकी द्या, अशी मोटर एकाच दिशेने फिरते. थरथरून थांबते म्हणजे घासण्यात चूक, उड्या मारते म्हणजे दांड्या वाकड्या, अजिबात हलत नाही म्हणजे वार्निश राहिलंय किंवा पिन सेलला नीट टेकत नाहीये.

दोन गोष्टींत मी कोणाचं ऐकत नाही. एक, ही एवढीशी तार करंटला जवळजवळ अडवतच नाही, त्यामुळे कॉइल थांबलेली आणि जोडलेली राहिली तर ती आणि सेल दोन्ही तापतात, बघून झालं की कॉइल काढून ठेवायची. मोबाइलची बॅटरी, पॉवर बँक, घरातला प्लग यांना तर हातच लावायचा नाही. दुसरी गोष्ट, ती चकचकीत बटणासारखी निओडिमियम चुंबकं घरात लहान मूल असेल तर आणू नका, दोन गिळली तर पोटात आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटतात आणि ऑपरेशनची वेळ येते. जुन्या स्पीकरचं काळं चुंबक पुरतं.

टेबलावर मूल काय सांगेल

नुसती फिरवून दाखवली तर तो प्रोजेक्ट नाही, खेळणं आहे. मुलाला काहीतरी बदलून बघू द्या. चुंबक उलटं केलं तर काय होईल? आधी अंदाज वहीत लिहायचा, मग करायचं (दिशा उलटते). पाच, दहा, पंधरा वेढ्यांच्या तीन कॉइल करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये फेरे मोजून तक्ता केला तर फारच छान. आकडे अंदाजाप्रमाणे नाही आले तरी तसेच लिहू द्या, तुम्ही दुरुस्त करू नका, पंधरा वेढ्यांची कॉइल जडपण होते ना, त्यावर त्याला विचार करू दे.

परीक्षक विचारतील की यात कम्युटेटर (मोटर फिरताना योग्य वेळी करंट बदलणारा भाग) कुठे आहे, तर ती अर्धी घासलेली दांडीच कम्युटेटरचं काम करते. इतिहास दोन ओळी बस, 1820 मध्ये ऑर्स्टेडला दिसलं की करंटमुळे होकायंत्राची सुई हलते आणि पुढच्याच वर्षी फॅरेडेने पाऱ्यात बुडवलेली तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली. आणि इंदूरच्या मुलाने हे तर सांगितलंच पाहिजे की आपल्याच गावात, राजा रामण्णा केंद्रात, इंडस-2 नावाचं यंत्र आहे, सुमारे 172 मीटर घेराचं, आणि त्यात इलेक्ट्रॉन गोल वळवायला मोठमोठी चुंबकं लावलीत. चालत्या विजेला चुंबक बाजूला ढकलतं तोच हा जोर, आपल्या सेफ्टी पिनवरचाच.

शाळेत नेताना कॉइल टिफिनच्या रिकाम्या डब्यात कापसावर ठेवा, दप्तरात टाकली की दांड्या वाकल्याच. दोन नवे सेल, एक जास्तीची कॉइल आणि पॉलिश पेपरचा तुकडा बरोबर असू द्या, कारण बारीक ठिणग्यांनी उघडं तांबं काळं पडत जातं आणि मोटर मंदावते, तेव्हा दोनदा घासून घ्यायचं, कॉइल उभीच धरून.