गाडी तापते तेव्हा : कूलिंग फॅन आणि सहायक वॉटर पंप तपासताना या चुका टाळा

इंजिन तापू लागले की पहिला संशय कूलिंग फॅनवर जातो आणि बहुतेक वेळा पहिला खर्चही त्याच्यावरच होतो. नवी मोटर बसते, गाडी दोन-चार दिवस बरी वाटते आणि पुढच्या चढाला तापमानाचा काटा पुन्हा वर जातो. हे टाळायचे असेल, तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील गॅरेजमध्ये गाडी नेण्यापूर्वीच मालकाने एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवले पाहिजे : गाडी नेमकी केव्हा तापते?

महाद्वार रोडच्या गर्दीत किंवा सिग्नलला उभी असताना काटा चढत असेल आणि महामार्गाला लागल्यावर तो आपोआप खाली येत असेल, तर संशय फॅनवर घेणे योग्य आहे. ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे समोरून येणारा वाराच रेडिएटर (इंजिनमधून आलेला गरम द्रव निववणारा भाग) थंड ठेवतो. तेथे फॅनचे काम फारसे उरत नाही. याउलट, पुणे-बेंगळुरू महामार्गावर सलग वेगात असताना गाडी तापत असेल, तर फॅन बदलून काहीही साधणार नाही. तेथे कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह उघडणारी झडप), मुख्य वॉटर पंप आणि रेडिएटर यांच्याकडे पाहावे. घाटात मात्र दोन्ही कारणे एकत्र येतात. कोकणातून परतताना करूळ किंवा आंबा घाट चढताना इंजिनावर पूर्ण भार असतो, वेग कमी असतो आणि एसीही चालू असतो. अशा वेळी सुरक्षित जागी थांबून फॅनचा आवाज ऐकावा. फॅन पूर्ण वेगाने फिरत असूनही तापमान वाढत असेल, तर दोष कूलंटच्या प्रवाहात किंवा रेडिएटरमध्ये आहे.

फॅन फिरतो, म्हणून तो निर्दोष आहे असे मानू नका

बहुतेक गाड्यांत फॅनला दोन वेग असतात. जुन्या रचनेत कमी वेग रेझिस्टरमधून (वीजप्रवाह कमी करणाऱ्या भागातून) मिळतो आणि हा रेझिस्टर जळाला की कमी वेग पूर्णपणे बंद पडतो. मग तापमान बरेच वाढल्यावर फॅन एकदम मोठ्या आवाजात सुरू होतो आणि मालकाला तो व्यवस्थित चालल्यासारखा वाटतो. मोटरचे ब्रश (आत वीज पोहोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजले असतील, तर फॅन फिरतो, पण पुरेसा वारा ओढत नाही.

तपासणीचा क्रम सोपा आहे. प्रथम एसी लावावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच किंवा थोड्याच वेळात सुरू होतो. एसीवर तो चालतो, पण इंजिन तापल्यावर चालत नाही, असे असेल तर मोटर ठीक आहे आणि शोध कूलंट तापमान सेन्सरकडे वळवावा. अनेक गाड्यांत या सेन्सरचा कनेक्टर काढला की गाडीचा संगणक सुरक्षिततेसाठी फॅन पूर्ण वेगाने चालवतो, त्यामुळे पुढचे वायरिंग शाबूत आहे की नाही हेही कळते. फॅन कशानेच सुरू होत नसेल, तर फ्यूज, रिले (फॅनची वीज जोडणारा स्विच) आणि अर्थिंग पाहूनच मोटरला दोष द्यावा.

येथे एक चूक जाणते कारागीरही करतात. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला की 12 व्होल्ट दिसतात आणि वायर चांगली असल्याचे ठरवले जाते. वायरची एकच तार शिल्लक असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, पण मोटरला लागणारा पंधरा-वीस अँपिअरचा प्रवाह त्या एका तारेतून जात नाही. म्हणून व्होल्टेज मोजायचे ते मोटर जोडलेली आणि चालू असताना, आणि बॅटरीवरच्या व्होल्टेजशी ताडून. जे गाडीमालक 2019 किंवा 2021 च्या महापुरात पाण्यात उभी राहिलेली गाडी वापरत आहेत, किंवा तशी गाडी जुन्या बाजारातून घेत आहेत, त्यांनी फॅनचे कनेक्टर उघडून पाहिलेच पाहिजेत. पिनांवर चढलेला हिरवट गंज बाहेरून दिसत नाही.

मोटर बदलल्यानंतर वायरी उलट जोडल्या गेल्या, तर फॅन उलटा फिरतो आणि समोरून येणाऱ्या वाऱ्यालाच विरोध करतो. फॅन रेडिएटरच्या मागे असलेल्या गाडीत, फॅन चालू असताना समोरच्या जाळीवर कागद धरावा. तो आत ओढला गेला पाहिजे. हात फॅनजवळ न्यायचा असेल, तर आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढावे, कारण चावी बंद असतानाही अनेक गाड्यांचा फॅन अचानक सुरू होतो.

फॅन ‘डायरेक्ट’ करू नका

दोष सापडला नाही की फॅन डायरेक्ट, म्हणजे सेन्सर टाळून थेट बॅटरीवर, जोडून द्यायचा आणि डॅशबोर्डखाली एक बटण बसवायचे, हा उपाय आपल्या भागात सर्रास दिसतो. प्रवासात अडकलेल्या गाडीला घरी आणण्यापुरता तो क्षम्य आहे. कायमचा उपाय म्हणून तो धोकादायक आहे. बारीक वायर, फ्यूजचा अभाव आणि विसरलेले बटण यांतून वायरिंग जळते किंवा एखाद्या दुपारी इंजिनच बसते. फ्यूज वारंवार जात असल्यास जास्त अँपिअरचा फ्यूज घालणे हीही याच जातीची चूक आहे, कारण फ्यूज जाणे हा जाम होत आलेल्या मोटरचा इशारा असतो. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही मानू नये. त्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचत नाही, इंधन जास्त जाते आणि मूळ दोष झाकला जातो.

ऊस हंगामात आणखी एक कारण वाढते. ट्रॉल्यांमागून रोज जाणाऱ्या गाडीत एसीचा कंडेन्सर (रेडिएटरसमोरची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामध्ये पाचटाचे तुकडे, धूळ आणि जाळलेल्या पाचटाची राख साचते. समोरून पाहिल्यास जाळी स्वच्छ दिसते; कचरा दोन्हींच्या मधल्या फटीत असतो. वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने तो आणखी आत बसतो आणि नाजूक फिन (पातळ पत्र्या) वाकतात. शक्य तेथे इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, मध्यम दाबाने पाणी मारावे.

सहायक पंपाकडे दुर्लक्ष होते

मुख्य वॉटर पंप बहुतेक गाड्यांत पट्ट्यावर किंवा चेनवर फिरतो. सहायक पंप विजेवर चालतो. अनेक टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारे यंत्र असलेल्या) गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही तो काही मिनिटे गुणगुणत राहतो, कारण तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमधील तेल जळून घट्ट होऊ नये यासाठी कूलंट फिरता ठेवावा लागतो. बॅटरी उतरेल या भीतीने त्याचा कनेक्टर काढून ठेवणे म्हणजे टर्बोचे आयुष्य कमी करणे होय. तो तासन्‌तास चालूच राहत असेल, तर मात्र रिले चिकटल्याची शंका घ्यावी.

हायब्रिड गाडीत (पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणाऱ्या) इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग, थंड ठेवणारे परिपथ अनेकदा स्वतंत्र असते आणि त्याची टाकीही वेगळी असते. इंजिनची टाकी भरलेली पाहून समाधान मानणारा मालक ही दुसरी टाकी उघडून पाहत नाही. तो पंप बंद पडला, तर इंजिनचा काटा जागेवरच असतो आणि हायब्रिड प्रणालीचा इशारा मात्र लागतो. अशा काही गाड्यांत पंप चालू असताना त्या टाकीतील पाणी हलताना दिसते. ते निश्चल असेल, तर पंप किंवा हवेचा अडथळा तपासावा.

आवाज येतो म्हणून पंप पाणी ढकलतोच असे नाही. आतला इम्पेलर (कूलंट ढकलणारे पाते) तुटला, तरी मोटर फिरत राहते. पंपाच्या कनेक्टरपाशी वाळलेल्या कूलंटचा रंगीत थर दिसला, तर सील गेले आहे असे समजावे. दोन पिनांचा साधा पंप बॅटरीवर थेट चालवून पाहता येतो. तीन किंवा चार पिनांच्या पंपात नियंत्रणाचे सर्किट असते आणि चुकीच्या पिनला थेट वीज दिल्यास चांगला पंपही जळतो. त्याची चाचणी स्कॅनरवरूनच (गाडीच्या संगणकाला जोडायच्या तपासणी यंत्रावरूनच) घ्यावी.

पंप बदलल्यावर परिपथातील हवा काढली नाही, तर नवा पंपही कोरडा फिरून खराब होतो. हवेच्या पोकळीत अडकलेल्या सेन्सरला खरे तापमान कळत नाही आणि त्यामुळे फॅनही उशिरा लागतो. इंजिन गरम असताना हीटरमधून थंड हवा येणे हे हवा अडकल्याचे किंवा कूलंट कमी असल्याचे लक्षण आहे. बोअरचे पाणी भरू नये, कारण त्यातील क्षार रेडिएटरमध्ये बसतात; उत्पादकाने सांगितलेला कूलंट डिस्टिल्ड पाण्यासह, बहुधा निम्म्या प्रमाणात, भरावा. रेडिएटरचे झाकणही तपासावे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 570 मीटर उंचीवर असल्याने येथे उघडे पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळते. योग्य कूलंट आणि दाब धरणारे झाकण असेल, तर तीच मर्यादा 120 अंशांच्या पुढे जाते. म्हणूनच गरम इंजिनाचे झाकण उघडताच उकळता कूलंट अंगावर येतो.

काम झाल्यावर गाडी गॅरेजमध्येच उभी ठेवून फॅन किमान दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवून पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटची पातळी पुन्हा तपासावी.